परतीची खूण

आमच्या तालुक्याच्या नावात एक 'ळ' आहे. मराठी माणसाला त्याचे काही विशेष वाटत नाही. पण हा 'ळ' वेशीबाहेर पडला की त्याचे हाल सुरू होतात. हिंदीत लिहिणारा सहजगत्या त्याचा 'ल' करतो आणि आम्ही 'मुलशी'चे रहिवासी ठरतो. रोमन लिपीत तर त्याला बसायला पाटच नाही. तेथेही 'ल'च त्याच्या जागी जाऊन बसतो. हिंजवडीची गंमत याहून मोठी. हे गाव आमच्याच मुळशी तालुक्यातले. त्याच्या नावातल्या 'ज'नंतर इंग्रजी पाटीवर कोणी 'ए' हे अक्षर लिहितो, कोणी 'ई'. बसमधल्या माणसाला त्याने काही फरक पडत नाही. दोन पाट्यांमागे एकच गाव आहे हे तो जाणतो. कारण त्याने ते पाहिलेले असते.

पण ज्याने गाव पाहिलेलेच नाही, ज्याच्यापुढे फक्त अक्षरे आहेत, त्याने काय करावे? आज आपण ज्याला काहीही विचारतो आणि जो क्षणात हजार उत्तरे पुढे टाकतो तो हा आपला शोधयंत्र नावाचा गडी अगदी अशाच अवस्थेत आहे. त्याला मुळशी ठाऊक नाही, मुळा ठाऊक नाही, पौडचा बाजार ठाऊक नाही. त्याला ठाऊक आहेत ती पाने आणि पानांचे पत्ते. एक पान मराठीत, एक इंग्रजीत. मजकूर तोच, पत्ते दोन. ही दोन भावंडे आहेत हे त्याला कोणी सांगायचे? हा प्रश्न वरवर तांत्रिक दिसतो. मीही कला शाखेची विद्यार्थिनी. 'हे संगणकवाल्यांचे काम' म्हणून मान फिरवू शकले असते. पण एका घटनेने मला त्यात लक्ष घालायला लावले.

आमच्या वाडीतले एक तात्या एकदा हातात मोबाइल घेऊन आले. एका योजनेच्या अर्जाची माहिती त्यांना हवी होती. तात्या चौथी शिकलेले. पण वर्तमानपत्र पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे. त्यांनी मराठीत, मोबाइलला बोलून, विचारले होते. उत्तरात एका कार्यालयाचे इंग्रजी पान आले. "पोरी, हे काय लिव्हलंय ते वाच बरं," ते म्हणाले, "मी इचारलं मराठीत, आन् ह्यो बोलतोय विंग्रजीत!" पानाच्या कोपऱ्यात 'मराठी' अशी बारीक अक्षरे होती. ती दाबली, तर तोच मजकूर मराठीत येण्याऐवजी मुखपृष्ठ समोर आले. तेथून चार पायऱ्या उतरल्यावर ती माहिती सापडली. स्वच्छ, सोप्या मराठीत, परिच्छेदागणिक जुळणारी. म्हणजे भाषांतर झालेले होते! कोणीतरी बसून, शब्द शोधून, 'हमीपत्र' लिहावे की 'प्रतिज्ञापत्र' याचा विचार करून ते केले होते. आणि तात्यांसारखा वाचक, ज्याच्यासाठी हे सारे केले, तो दारातूनच परत फिरला असता. मला तात्यांपेक्षाही त्या अनामिक भाषांतरकाराची दया आली.

आपल्याकडे पूर्वी असे होत नसे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत 'दर्पण' काढले, तेव्हा त्याच्या पानावर एका स्तंभात इंग्रजी आणि शेजारच्या स्तंभात मराठी मजकूर असे. साहेबाने इंग्रजी वाचावे, एतद्देशीयाने मराठी. ज्याला इंग्रजी शिकायचे असेल त्याने डोळे डावीउजवीकडे फिरवावेत. दोन्ही भाषा एकाच कागदावर, एकाच शाईत. त्यांना बांधायला वेगळा दोरा लागत नव्हता. कागद हाच दोरा होता. संकेतस्थळावर मात्र प्रत्येक पान सुटे. वाचक मुखपृष्ठापासून येत नाही, तो शोधयंत्राच्या बोटाला धरून एकदम मधल्याच पानावर उतरतो. शेजारचा स्तंभ कापून दुसऱ्या गावी नेऊन ठेवावा, तशी त्याची गत होते.

मग हा दोरा पुन्हा ओवायचा कसा? त्यासाठी एक छोटी खूण आहे. तिला 'एचरेफलँग' असे कानाला टोचणारे नाव आहे. आपण तिला भावंडखूण म्हणू. पानाच्या शिरोभागात, वाचणाऱ्याला दिसत नाही अशा जागी, एक ओळ लिहायची: 'माझे मराठी रूप अमुक पत्त्यावर आहे, इंग्रजी रूप तमुक पत्त्यावर आहे.' बस्स, एवढेच. पत्ता मात्र पुरता लिहायचा, 'वडाच्या झाडामागे' असा अर्धामुर्धा चालत नाही. पाने फार असतील तर या ओळी प्रत्येक पानात न लिहिता संकेतस्थळाच्या नकाशाच्या फाइलीत, जिला साइटमॅप म्हणतात तिच्यात, एकत्र लिहिता येतात. गूगलने ही सोय २०११ च्या डिसेंबरात सर्व प्रकारच्या भाषांतरित पानांसाठी खुली केली. २०१३ साली तिला आणखी एक जोड मिळाली. ज्याची भाषा आपल्याकडे नाहीच, अशा पाहुण्याला कोणत्या दारी न्यायचे तेही सांगता येऊ लागले.

या खुणेचा एक नियम मला फार आवडला. इंग्रजी पानाने 'ते माझे मराठी भावंड' असे म्हटले, एवढ्याने भागत नाही. मराठी पानानेही 'होय, ते माझे इंग्रजी भावंड' असे उलट म्हणावे लागते. दोहोंपैकी एक गप्प राहिले तर शोधयंत्र ती खूण मानीतच नाही. शिवाय प्रत्येक पानाने भावंडांच्या यादीत स्वतःचेही नाव लिहायचे. दोन भाषा असतील तर प्रत्येक पानावर दोन ओळी, तीन असतील तर तीन. प्रथम मला हा कारकुनी काच वाटला. मग त्यातले शहाणपण ध्यानात आले. गावात एखादा भेटतो ना, 'आपण पाटलांचे पाहुणे' असे सांगत फिरणारा? पाटलांना विचारावे, तर ते म्हणतात, कोण हा? एकतर्फी सोयरीक मानली तर कोणीही लबाड उठेल आणि आपल्या पानाला सरकारी पानाचे मराठी रूप म्हणून मिरवील. म्हणून सोयरीक दोन्ही घरांनी सांगायची. या परतीच्या खुणेवर सारा व्यवहार उभा आहे.

या खुणेने काय होत नाही, तेही सांगायला हवे. तिने पानाचा क्रमांक वर चढत नाही. तिने पान मराठीत आहे हे यंत्राला पटत नाही. ते त्याला मजकूर वाचूनच कळते. मजकूर खरा अक्षरांत असेल तर! कागदाचे छायाचित्र काढून चिकटवले, किंवा युनिकोड येण्यापूर्वीच्या जुन्या टंकात लिहिलेले तसेच ठेवले, तर आपल्याला दिसणारी मराठी यंत्राला नुसत्या रेघोट्या किंवा भलतीच रोमन अक्षरे दिसतात. खूण एवढेच करते: इंग्रजी पान वाचकापुढे यायचे असेल आणि वाचक मराठी असेल, तर त्याच जागी ती मराठी भावंड उभे करते. तात्यांना हवे होते ते नेमके एवढेच.

भाषेचे नाव सांगायला दोन अक्षरांचे आंतरराष्ट्रीय संकेत आहेत. मराठीला 'एमआर', हिंदीला 'एचआय', इंग्रजीला 'ईएन'. हवे तर पुढे देशाचा संकेत जोडावा, भारताचा 'आयएन'. येथे आपली रोजची सवय दगा देते. गाड्यांच्या पाट्यांवर 'एमएच' वाचून वाढलेल्या माणसाला वाटेल, मराठीपुढे 'एमएच' लिहिले की झाले महाराष्ट्राची मराठी! पण देशांच्या यादीत 'एमएच' म्हणजे प्रशांत महासागरातली मार्शल बेटे. आपली मराठी नारळीपोफळीखाली जाऊन बसायची आणि मुळशीकर इकडे शोधत राहायचा! भाषेच्या जागी नुसता 'आयएन' लिहावा, तर तो पूर्वी इंडोनेशियाच्या भाषेचा संकेत होता. आणि मराठीचाच 'एमआर' देशाच्या जागी गेला, तर तो मॉरिटानिया होतो. अक्षरे तीच, कोणत्या घरात बसली यावर त्यांचे गोत्र ठरते.

हसू ओसरल्यावर याच यादीत एक बोचणारी गोष्ट दिसते. आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत २२ भाषा आहेत. त्यांपैकी १६ भाषांना दोन अक्षरी संकेत आहे. कोकणी, मैथिली, डोगरी, मणिपुरी, संताळी आणि बोडो या ६ भाषांना तो नाही. त्यांचे संकेत तीन अक्षरी. आणि गूगलची ही खूण तर दोन अक्षरी यादीतलाच संकेत मागते. म्हणजे गोव्यातल्या एखाद्या संस्थेने आपले संकेतस्थळ इंग्रजी, मराठी आणि कोकणी अशा तीन भाषांत केले, तर इंग्रजी आणि मराठी पानांची सोयरीक नियमाप्रमाणे नोंदता येईल. कोकणीचे नाव घालायला मात्र रकानाच नाही. घटनेच्या पंगतीत बसलेल्या भाषेला यंत्राच्या पंगतीत पान वाढलेले नाही. मराठीला ते मिळाले आहे. मिळालेले पान आपण न जेवताच उठणार असू, तर दोष कोणाला द्यायचा?

या कामाचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या रोजच्या वापरातले आहे: विकिपीडिया. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनी, सुरू झाला. तेथे लेखाच्या शेजारी इतर भाषांची नावे दिसतात. एक दाबली की तोच विषय त्या भाषेत. आरंभी हे दुवे हाताने लिहावे लागत. एक लेख २२ भाषांत असेल, तर प्रत्येक लेखाच्या तळाशी उरलेल्या २१ भाषांचे पत्ते; एकूण ४६२ नोंदी! एका भाषेत लेखाचे शीर्षक बदलले की बाकीच्या २१ ठिकाणी दुरुस्ती. लेखनिक थकले, तेव्हा स्वयंचलित आज्ञावल्या ते काम करू लागल्या. अखेर २०१२ च्या ऑक्टोबरात 'विकिडेटा' सुरू झाला आणि २०१३ च्या मार्चपर्यंत सर्व भाषांचे विकिपीडिया त्याला जोडले गेले. युक्ती साधी होती. भाषांनी एकमेकींचे पत्ते पाठ करण्याऐवजी प्रत्येक विषयाला एक क्रमांक द्यायचा आणि सर्वांनी आपले नाव त्या क्रमांकापुढे लिहायचे.

ही युक्ती आमच्या तालुक्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला चटकन समजेल. एकाच जमिनीला घरातला थोरला 'ओढ्याकडचं' म्हणतो, धाकटा 'आंब्याखालचं' म्हणतो, शेजारी तिला तिसऱ्याच नावाने ओळखतो. तलाठ्याच्या दप्तरी मात्र तिचा गट नंबर एक. सातबाऱ्यावर तो लिहिला की वाद संपला. नावे कितीही असोत, जमीन एक आहे हे सांगणारी नोंद लागते. जमिनीच्या बाबतीत आपण या नोंदीसाठी तालुक्याला दहा खेटे घालतो. शब्दांच्या बाबतीत मात्र नोंदीवाचून चालेल असे का समजतो?

येथे एक तारतम्य हवे. भावंडखूण लावायची ती एकाच मजकुराच्या भाषांतरांना. विषय एक पण लेखन वेगळे असेल, तर ती खूण खोटी ठरते. मुळशीच्या सत्याग्रहाचेच पाहा. टाटांच्या वीज कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, तो सुरू झाला. सेनापती बापट हे नाव त्यातूनच घरोघर पोचले. त्या लढ्यातले एक पुढारी वि. म. भुस्कुटे यांनी त्याचा वृत्तान्त मराठीत लिहिला. राजेंद्र व्होरा यांचा इंग्रजी अभ्यासग्रंथ २००९ साली प्रसिद्ध झाला. ही दोन पुस्तके एकमेकांची भाषांतरे नव्हेत. त्यांना एकमेकांकडे पाठवायला ग्रंथालयातले जुने 'हेही पाहा'चे कार्ड पुरते. पण ते कार्डही कोणी लिहिले नाही, तर काय होते? इंग्रजी वाचणारा धरणाविषयीचा सिद्धान्त वाचतो, मराठी वाचणारा लढणाऱ्याची आठवण वाचतो. आणि दोघेही आपल्याला सगळा सत्याग्रह कळला असे समजून दिवा मालवतात. मुळेचे पाणी डोंगरापलीकडे भिऱ्याला जाऊन वीज करते हे एकाला कळते. कोणाची खाचरे त्या पाण्याखाली गेली हे दुसऱ्याला. जोडणी नसली की ज्ञानही असे दोन तुकड्यांत राहते.

या विषयात वाचता वाचता आढळलेली एक गोष्ट मला सर्वांत अधिक टोचली. पानाच्या शिरोभागात आणखी एक ओळ असते. एकच मजकूर चार पत्त्यांवर असेल, तर 'अस्सल पान ते, मी त्याची नक्कल' असे ती यंत्राला सांगते. तिला 'कॅनॉनिकल' म्हणतात. अनेक ठिकाणी अनवधानाने मराठी पानावर ही ओळ इंग्रजी पानाकडे बोट दाखवणारी राहून जाते. परिणाम असा की, मराठी पान स्वतःच्याच तोंडाने सांगते, 'मला मोजू नका, मी नक्कल आहे.' यंत्र बिचारे आज्ञाधारक. ते मराठी पान बाजूला ठेवते आणि इंग्रजी पान पुढे करते. खरे तर भाषांतर ही नक्कल नव्हे, आणि नियमही तेच सांगतात: मराठी पानाने अस्सल म्हणून स्वतःचाच पत्ता द्यावा आणि इंग्रजीला भावंड म्हणावे. 'मी नक्कल' आणि 'मी भावंड' या दोन ओळींतले अंतर केवढे! आपण माणसेही इंग्रजीपुढे उभे राहिलो की यांतली कोणती ओळ नकळत बोलतो, याचा विचार प्रत्येकाने आपापल्या मनाशी करावा.

कुणी म्हणेल, एवढे कशाला? आता यंत्रच भाषांतर करून देते. इंग्रजी पान आले तरी बोट लावले की मराठी! ते खरे आहे आणि अडल्यावेळी उपयोगीही आहे. पण ज्या कार्यालयाने माणूस बसवून भाषांतर करून घेतले, त्याच्या मराठीला कार्यालयाची जबाबदारी चिकटलेली असते. अर्जात चूक झाली तर 'तुमच्याच पानावर असे लिहिले होते' असे तात्या म्हणू शकतात. यंत्राने जागच्या जागी केलेल्या मराठीला असा धनी नसतो.

आणि खरे संकट याच्याही पुढे आहे. मराठीत विचारले तर इंग्रजी येते, हा अनुभव दोनदा, चारदा आला की माणूस मराठीत विचारणेच सोडतो. तात्या मुलाला बोलावतात. मुलगा मोडक्या इंग्रजीत विचारतो. मग कार्यालयात कोणीतरी हिशेब मांडतो: मराठी पान वर्षभरात कोणी उघडलेच नाही, त्यावर खर्च कशाला? पुढच्या वर्षी मराठी पान जुनेच राहते, त्याच्या पुढच्या वर्षी ते काढून टाकतात. सापडत नाही म्हणून वाचत नाही, आणि वाचत नाही म्हणून लिहीत नाही! महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी घेतला. आपण पेढे वाटले, ते योग्यच झाले. पण कायदा आणि दर्जा यांनी पान सापडत नाही. पान सापडते ते त्याच्या कपाळावरच्या दोन ओळींनी, आणि त्या लिहायला ना अनुदान लागते ना ठराव.

आमच्या तालुक्यात हिंजवडीला माहिती तंत्रज्ञानाची मोठी वसाहत आहे. जगातल्या भाषाभाषांच्या पानांची जोडणी ज्या शास्त्राने होते, ते शास्त्र जाणणारी माणसे तेथे रोज बसमधून उतरतात. पौडपासून ती काही फार दूर नाहीत. आणि आपण, कला शाखेतले विद्यार्थी, भाषांतराचे शास्त्र शिकतो. मूळ अर्थाशी इमान राखावे, वाचकाच्या भाषेचा वळसा ओळखावा, हे आपले प्राध्यापक आपल्याला शिकवतात. त्याला आता एवढीच पुरवणी जोडावी, असे मला वाटते: भाषांतर पुरे झाले असे केव्हा म्हणावे? शेवटचा पूर्णविराम दिला म्हणजे नव्हे. मूळ पानाने 'हे माझे' म्हटले, मराठी पानाने 'ते माझे' म्हटले, आणि ज्याच्यासाठी लिहिले तो वाचक कोणाला न विचारता त्यावर येऊन पोचला, म्हणजे ते पुरे झाले.